दारू सोडायची आहे? मीटिंग शोधण्यापासून दुसऱ्या दिवशीच्या फोनपर्यंत

दारू सोडणारे एकमेकांना आधार द्यायला जमतात, तशा पहिल्या मीटिंगला जाऊन आलेल्या माणसाला विचारा, कसं वाटलं? तो त्या तासाभराबद्दल बोलेल. कोण काय बोललं, शेवटी प्रार्थना झाली, एक जण बोलता बोलता रडला. आधी आणि नंतर काय झालं यावर सांगण्यासारखं त्याच्याकडे बहुधा काही नसतं, कारण तो ऐन वेळेला आत शिरलेला असतो आणि शेवटचं वाक्य संपायच्या आत बाहेर पडलेला असतो. असा माणूस तीन-चार मीटिंगांनंतर बऱ्याचदा दिसेनासा होतो. खुर्चीत बसून ऐकण्याला किंमत आहेच. पण पुढच्या आठवड्यात बाटलीकडे हात जाताना जे आड येतं, ते मीटिंगच्या आधीच्या पंधरा आणि नंतरच्या वीस मिनिटांत जमतं: दोन-चार ओळखी, काही फोन नंबर, आणि आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल ही खात्री. म्हणून मीटिंग कुठली निवडायची इथपासून आत कुठे बसायचं इथपर्यंत सगळं त्या हिशेबाने ठरवा.

मीटिंगच्या आधी डॉक्टर

हा भाग सगळ्यांना लागू नाही. पण रोज पीत असाल, सकाळी हात थरथरतात म्हणून घोटभर घ्यावी लागत असेल, पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली असेल किंवा भास झाले असतील, तर मनानेच एकदम बंद करू नका. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते आणि त्या दाबाखाली काम चालवण्यासाठी मेंदू स्वतःला जास्तच चेतवून घेतो. दारू अचानक काढून घेतली की दाब जातो, ती चेतवलेली अवस्था मात्र राहते. थरथर, घाम, मळमळ, उडालेली झोप हे शेवटच्या प्याल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतं. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत असतो. भ्रम, भास, ताप आणि छातीत धडधड अशी जी सर्वांत घातक अवस्था, जिला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, ती बहुधा दोन-तीन दिवसांनी उभी राहते आणि तिच्यात जीव जाऊ शकतो. औषधांनी हे टाळता येतं. ते काम डॉक्टरांचं. मीटिंगमधल्या माणसाचं नाही, मग त्याला दारू सोडून वीस वर्षं झालेली असोत.

याचा अर्थ आधी बरे व्हा आणि मग मीटिंगला या, असा मुळीच घेऊ नका. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, हिच्या सदस्यत्वाची अट एकच आहे: दारू थांबवण्याची इच्छा. इच्छा म्हटलंय, थांबवलेली असली पाहिजे असं म्हटलेलं नाही. डॉक्टरांकडे उपचार चालू असताना, गोळ्या चालू असताना, किंवा अजून पिणं सुटलेलं नसतानाही मीटिंगला जाता येतं.

कुठल्या प्रकारची मीटिंग

एए सर्वांत जुनी आणि सर्वांत पसरलेली. १९३५ साली बिल डब्ल्यू. नावाचा गृहस्थ कामानिमित्त अमेरिकेतल्या अक्रन शहरात होता. दारू सोडून थोडेच महिने झाले होते, काम फसलं होतं, आणि हॉटेलच्या लॉबीतून शेजारच्या बारमधला गजबजाट ऐकू येत होता. त्याने तिथल्याच फोनवरून नंबर फिरवायला सुरुवात केली. दुसरा एखादा मद्यपी बोलायला मिळावा, एवढंच त्याला हवं होतं. त्या शोधात त्याला डॉ. बॉब भेटले. एए तिथून सुरू झाली. पुढे आम्ही फोनवर एवढा भर का देतोय हे त्यावरून लक्षात येईल.

एएचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे आणि त्यात ईश्वराचा उल्लेख येतो. पायऱ्यांमध्येच ‘आम्हाला तो जसा समजला तसा’ अशी पुस्ती आहे, त्यामुळे नास्तिक माणसालाही तिथे जागा आहे. ‘माझ्यापेक्षा मोठी शक्ती’ म्हणजे हा समूहच, असं मानणारे पुष्कळ आहेत. काही ठिकाणी खास निधर्मी एए मीटिंगाही असतात आणि मीटिंगांच्या यादीत तसं लिहिलेलं असतं. तरीही देवाच्या नावानेच तुमचं डोकं फिरत असेल तर दुसरे मार्ग आहेत. स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासून आहे. विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसशास्त्रीय तंत्रांवर ती चालते. तिथे प्रशिक्षण घेतलेला संचालक असतो, वहीत लिहायच्या कृती असतात, एकमेकांना प्रश्न विचारता येतात आणि स्वतःला मद्यपी म्हणवून घ्यायची गरज नसते. लाइफरिंग ही संघटनाही निधर्मी. तिच्या मीटिंगमध्ये मागचा आठवडा कसा गेला आणि पुढच्यात काय अडचणी येणार, यावर गप्पांसारखं बोलणं होतं. विमेन फॉर सोब्रायटी १९७५ पासून स्त्रियांसाठी आहे. पुरुष असलेल्या खोलीत जे बोलता येत नाही, ते तिथे बोलता येतं. रिकव्हरी धर्म हा बौद्ध विचार आणि ध्यान यांवर आधारलेला मार्ग.

कुठला मार्ग जास्त चालतो, हा प्रश्न येतोच. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांचा आढावा घेतला. एए आणि लोकांना एएकडे पद्धतशीर वळवणारे उपचार यांची तुलना त्यांनी इतर मान्य उपचारांशी केली. वर्षभराने पूर्ण दारूमुक्त राहिलेले पहिल्या बाजूला सुमारे ४२ टक्के, दुसऱ्या बाजूला ३५ टक्के. फरक आहे, पण दुसरे मार्ग कुचकामी ठरावेत एवढा नाही. जॉन केली हे त्या आढाव्याचे मुख्य लेखक. एएचा उपयोग नेमका कशातून होतो हे शोधताना त्यांना वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे माणसाचा गोतावळा बदलणं: पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात. तेव्हा घरापासून जवळ, आठवड्यातून अनेकदा आणि माणसं असलेली मीटिंग हीच बहुतेकांसाठी योग्य निवड. तत्त्वज्ञान नंतर पाहता येईल. एकाच वेळी दोन प्रकारच्या मीटिंगांना जाणारेही भरपूर आहेत.

यादी कशी वाचायची

मीटिंगची यादी तीन ठिकाणी मिळते: संघटनेचं संकेतस्थळ, तिचं मोबाइल अ‍ॅप आणि स्थानिक कार्यालयाचा फोन. एएचं मीटिंग गाइड नावाचं अ‍ॅप फुकट आहे आणि दिवस, वेळ, अंतर यांप्रमाणे मीटिंगा दाखवतं. मात्र सगळ्या देशांतल्या मीटिंगा त्यात नसतात. अ‍ॅप रिकामं दिसलं म्हणजे जवळ काही नाही असं समजू नका. त्या देशातल्या एएच्या संकेतस्थळावर पाहा किंवा कार्यालयाला फोन लावा. सर्च इंजिनमध्ये नुसतं टाकलं तर वर येतात त्या बऱ्याचदा खासगी उपचार केंद्रांच्या जाहिराती. ‘मोफत मीटिंगची माहिती’ म्हणून दिलेला नंबर थेट त्यांच्या विक्री विभागात लागू शकतो. पलीकडच्याने पहिल्या मिनिटात तुमच्या विम्याची चौकशी केली तर फोन ठेवून द्या.

यादीत प्रत्येक नोंदीपुढे काही शब्द किंवा अक्षरं असतात. त्यांतलं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खुली की बंद. खुल्या मीटिंगला कुणीही येऊ शकतं: बायको, नवरा, भाऊ, मित्र, विद्यार्थी. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. ‘मी खरंच मद्यपी आहे का’ याबद्दल मनात शंका असेल तरी बंद मीटिंगला जायला हरकत नाही. दारात कुणी परीक्षा घेत नाही. सोबत कुणाला न्यायचं असेल तर मात्र खुलीच बघा.

मग प्रकार. वक्त्याची मीटिंग असेल तर एक-दोन जण आपली हकिगत सांगतात आणि बाकीचे ऐकतात. चर्चेची असेल तर एका विषयावर एकेक जण बोलतो. पायऱ्यांची असेल तर त्या आठवड्याची पायरी वाचून तिच्यावर बोलणं होतं. बिग बुक मीटिंगमध्ये १९३९ साली निघालेलं एएचं मूळ पुस्तक थोडंथोडं वाचतात. भाषा जुनी आहे, पहिल्याच दिवशी ती वाचनं ऐकली की हे आपल्यासाठी नाही असं वाटण्याचा धोका असतो. नवागतांची मीटिंग अशी नोंद दिसली तर ती आधी धरा. ती नसेल तर वक्त्याची: तिथे काही बोलावं लागत नाही आणि एका माणसाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कळते. शंभर जणांच्या मीटिंगमध्ये लपता येतं, पाच जणांच्या मीटिंगमध्ये पळता येत नाही. पंधरा ते तीस माणसं असतील तर नव्या माणसाला बरं पडतं.

आता यादीतली सर्वांत मोठी अडचण: ती जुनी असते. स्वयंसेवक ती सांभाळतात, खोली बदलते, सणासुदीला इमारत बंद असते, एखादा गट बंद पडलेला असतो आणि नोंद तशीच राहते. बंद दाराशी दहा मिनिटं उभं राहून माणूस जो परततो, तो सरळ घरी जातोच असं नाही. म्हणून दोन गोष्टी करा. निघण्याआधी त्याच दिवशी फोन करून विचारा. आणि त्याच संध्याकाळची किंवा दुसऱ्या दिवशी सकाळची एक पर्यायी मीटिंग आधीच लिहून ठेवा, ऑनलाइन असली तरी चालेल.

फोनवर काय बोलायचं

फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेला स्वयंसेवक असतो. त्याला तुमची सगळी कहाणी सांगायची गरज नाही. एवढं पुरे:

‘नमस्कार. मला दारू सोडायची आहे, आजवर एकाही मीटिंगला गेलेलो नाही. मंगळवारी संध्याकाळी सातची मीटिंग यादीत दिसतेय. ती चालू आहे ना?’

चालू असेल तर पुढे विचारा: आत जायचा दरवाजा कुठला? खुली आहे की बंद? कुठल्या भाषेत चालते? साधारण किती माणसं येतात? खुर्ची ढकलत आत नेता येईल का, हे ज्यांना चाकांची खुर्ची लागते त्यांनी स्पष्ट विचारावं, कारण बऱ्याच मीटिंगा तळघरात किंवा जिना चढून गेल्यावर असतात. आणि शेवटी, खरा प्रश्न: ‘मला दारात कुणी भेटेल का?’ हा विचारायला लाज वाटते, पण असे फोन येणं ही त्यांची रोजची गोष्ट आहे. पायऱ्यांमधली बारावी पायरी म्हणजे दुसऱ्या मद्यपीपर्यंत पोचणं, त्यामुळे दारात उभं राहणाऱ्यासाठी ते स्वतःला सोबर, म्हणजे दारूमुक्त, ठेवण्याचं काम असतं. अनेक कार्यालयं तुमच्या भागातल्या एखाद्या सदस्याला आधी फोनही करायला सांगतात. स्त्रियांनी स्त्री सदस्याचाच फोन यावा असं सांगावं.

कुणी उचललं नाही तर निरोप ठेवा. त्यात पहिलं नाव, नंबर, कोणत्या वेळी फोन चालेल हे सांगा, आणि घरात दुसऱ्याने उचलला तर कुठून बोलतोय ते सांगू नका, हेही. तासाभरात फोन येईल अशी आशा धरून बसू नका. वाट बघण्यातच पहिला प्याला ओतला जातो. दुसरा नंबर लावा.

त्या संध्याकाळी

पंधरा मिनिटं आधी पोचा. मोठी पाटी शोधू नका. मीटिंग बहुधा कुठल्या तरी संस्थेच्या मागच्या खोलीत असते आणि दारावर चिकटवलेला एक कागद असतो, किंवा वर्तुळातला त्रिकोण, ही एएची जुनी खूण. दाराबाहेर दोघं-तिघं सिगारेट ओढत उभे असतील तर तेच तुमचे मार्गदर्शक.

आत शिरल्यावर खुर्च्या मांडत असलेला माणूस गाठा. त्याच्या हातात काम असतं, त्यामुळे त्याच्याशी बोलणं सोपं जातं. ‘मी पहिल्यांदाच आलोय’ किंवा ‘आलेय’, एवढं एकच वाक्य. या वाक्याने पुढचं सगळं आपोआप हलतं: तो तुमची दोघांशी ओळख करून देईल, कुणी तरी माहितीपत्रकं आणून देईल. दोन खुर्च्या उचलायला लागलात तर आणखी बरं. रिकाम्या हातांनी कोपऱ्यात उभं राहण्यासारखं अवघड काही नाही. बसताना शेवटच्या रांगेतली दाराजवळची जागा टाळा. फारच घुसमटत असेल तर दाराजवळ बसा, पण पुढे.

मीटिंग तास ते दीड तास चालते. क्रम प्रत्येक गटाचा वेगळा, कारण एएमध्ये प्रत्येक गट स्वतंत्र असतो, पण साधारण असं: संचालक वेळेवर सुरुवात करतो, क्षणभर शांतता किंवा शांतीची प्रार्थना, मग एए म्हणजे काय हे सांगणारा छोटा मजकूर, काही वाचनं. त्यानंतर ‘कुणी पहिल्यांदा आलंय का’ असं विचारतात. हात वर करा आणि पहिलं नाव सांगा. हे लाज काढण्यासाठी नसतं. मीटिंग संपल्यावर कुणाला गाठायचं ते जुन्या माणसांना कळावं म्हणून असतं. हात वर केला नाही तर कुणी ओळखतच नाही, आणि मग माणूस ‘माझ्याशी कुणी बोललंही नाही’ म्हणत घरी जातो. खरोखर नेहमी होणारी चूक आहे ही.

‘मी अमुक, मी मद्यपी आहे’ असं म्हणण्याची सक्ती नाही. ‘माझं नाव अमुक, आज ऐकायला आलोय’ चालतं. बोलायची पाळी आली आणि नको असेल तर ‘आज मी फक्त ऐकतो’ म्हणा, पाळी पुढे जाते. बोलायचंच असेल तर तीन-चार मिनिटांत आटपा. कुठे कुठे घड्याळ लावलेलं असतं. बोलून झाल्यावर सगळे ‘थँक यू’ म्हणतात आणि पुढचा सुरू करतो. तुम्ही काळीज उघडून ठेवलं आणि त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही, हे पहिल्यांदा फार लागतं. तो तिथला नियमच आहे: दुसऱ्याच्या बोलण्यावर मीटिंगमध्ये सल्ला देत नाहीत, टीका करत नाहीत. याच नियमामुळे कुणीही मध्येच अडवेल या भीतीशिवाय बोलता येतं. ज्याला तुमच्या बोलण्यावर काही सांगायचंय तो नंतर येऊन सांगतो. तुम्ही थांबलात तर.

मध्ये एक पिशवी किंवा डबा फिरतो. एए बाहेरच्यांकडून देणगी घेत नाही, खोलीचं भाडं सदस्य आपापसांत काढतात. नव्या माणसाने काही टाकायची गरज नाही; पुढे सरकवा. काही गटांत मग दारू सोडून किती काळ झाला त्याची खूण म्हणून चिप किंवा नाणी देतात: एक दिवस, एक महिना, तीन महिने, वर्ष. शेवटी पुष्कळदा हात धरून प्रार्थना होते. हात धरायचा नसेल तर खिशात ठेवा, म्हणायचं नसेल तर नुसतं उभं राहा.

पिऊन गेलं तर चालतं का? बऱ्याच गटांत बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नका म्हणतात. दंगा केला तर बाहेर नेतात. पण गाडी चालवत जाऊ नका. कोर्टाच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आदेशाने गेला असाल आणि हजेरीच्या कागदावर सही हवी असेल, तर सुरू होण्याआधी संचालकाला विचारा. सही देणं गटाच्या मर्जीवर असतं आणि सही बहुधा फक्त पहिल्या नावाची मिळते, तेव्हा ती पुढे चालते का हे आधीच विचारून घ्या.

संपल्यानंतरची वीस मिनिटं

इथे पळून जायची इच्छा सर्वांत जोरात होते. बसची वेळ, घरचा फोन, काहीही कारण सुचतं. घरी आधीच सांगून ठेवा की अर्धा तास उशीर होईल, म्हणजे ते कारण उरणार नाही.

तीन नंबर घ्या. एक का नाही? कारण ऐन वेळी एक जण झोपलेला असतो, एक कामावर असतो. पुरुषांनी पुरुषांचे, स्त्रियांनी स्त्रियांचे घ्यावेत ही जुनी रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. ज्यांना ती लागू पडत नाही त्यांनी जिथे आकर्षणाचा प्रश्न येणार नाही अशी माणसं निवडावीत. नंबर कागदावर मिळाला तर तिथेच उभ्या उभ्या फोनमध्ये टाका, कागद खिशात धुतले जातात. आणि तुमच्याकडून लगेच एक मिस कॉल द्या, म्हणजे उद्या अनोळखी नंबर म्हणून ते फोन टाळणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी, काहीही झालेलं नसताना, त्यांतल्या एकाला फोन करा. बोलण्यासारखं काही नसतं, हे ठीक आहे. ‘काल मीटिंगला भेटलो होतो. नंबर बरोबर आहे ना बघत होतो.’ दोन मिनिटांत संपतं. हा कोरडा फोन आधी केलेला असला तरच खरा फोन होतो. तल्लफ आलेली असताना अनोळखी माणसाला पहिल्यांदा फोन करणं जवळपास कुणालाच जमत नाही. फोन हातात घेतला की वाटतं, एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला कशाला त्रास. तिसऱ्यांदा करत असाल तर बोट आपोआप जातं. तल्लफेची लाट बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, आणि तेवढा वेळ फोनवर सहज जातो.

पुढचे दोन-तीन महिने

एका मीटिंगवरून मत बनवू नका. निदान सहा वेगवेगळ्या मीटिंगा बघा: वेगळी वेळ, वेगळी खोली, वेगळा प्रकार. एका गटात सगळे तुमच्या वडिलांच्या वयाचे निघतील, दुसऱ्यात सगळे पायऱ्यांवर प्रवचनं देतील, तिसऱ्यात हशा चाललेला असेल. ‘नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा’ हा सल्ला सर्रास देतात. तो नियम नाही, पण त्यामागचं गणित चोख आहे: पूर्वी रोज प्यायला जेवढा वेळ जायचा तो रिकामा झालाय आणि संध्याकाळी तो अंगावर येतो. नोकरी-घर सांभाळून रोज जमत नसेल तर आठवड्याला तीन-चार ठेवा, आणि ज्या वेळेला प्यायला बसायचात नेमकी ती वेळ गाठा.

मग एक गट आपला म्हणून धरा आणि तिथे एखादं काम मागून घ्या. खुर्च्या लावणं, दारात उभं राहून स्वागत करणं, चहा-कॉफी करणं. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला यावंच लागतं, आणि तो आला नाही तर दहा जण फोन करतात.

स्पॉन्सर म्हणजे पायऱ्यांमधून तुम्हाला घेऊन जाणारा अनुभवी सदस्य. निदान वर्षभर सोबर असलेला, स्वतः पायऱ्या केलेला आणि ज्याला स्वतःचा स्पॉन्सर आहे असा बघा. विचारायचं कसं? ‘तुम्ही माझे तात्पुरते स्पॉन्सर व्हाल का?’ तात्पुरते हा शब्द दोन्हीकडे मोकळीक देतो. नाही म्हणाला तर मनाला लावून घेऊ नका, त्याच्याकडे आधीच चार जण असतील. स्पॉन्सर हा सावकार, वकील, डॉक्टर किंवा विवाह समुपदेशक नव्हे.

आणि हे दिसलं की सावध: डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणारा (एएचं स्वतःचं साहित्य याच्या विरुद्ध आहे, सदस्याने डॉक्टर बनू नये असंच ते सांगतं), उसने पैसे मागणारा, काही तरी विकणारा, नव्याने आलेल्या बाईशी पहिल्या आठवड्यातच सलगी करणारा. या शेवटच्या प्रकाराला एएतच कुत्सितपणे ‘तेरावी पायरी’ म्हणतात, म्हणजे तो किती ओळखीचा आहे ते समजा. गटातल्या जुन्या, विश्वासू माणसाला सांगा, मीटिंग बदला. गुन्हा घडला असेल तर पोलीस. गुप्तता पाळणं म्हणजे गुन्हा झाकणं नव्हे.

गुप्ततेबद्दल एक बारकावा फार जणांना माहीत नसतो. तिथे कोण दिसलं आणि कोण काय बोललं हे बाहेर सांगायचं नाही. तुम्ही स्वतः जाता हे मात्र कुणालाही सांगू शकता. पण हा एकमेकांना दिलेला शब्द आहे. वकील किंवा डॉक्टर यांना कायद्याने जी गुप्तता पाळावी लागते, तसं संरक्षण खोलीभर माणसांसमोर बोललेल्या गोष्टीला आहे असं धरून चालू नका. कोर्टात प्रकरण चालू असेल तर त्याचे तपशील मीटिंगमध्ये न बोललेलेच बरे. व्हॉट्सअ‍ॅप गटात सामील होताना तुमचा नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतो, हेही लक्षात ठेवा.

ऑनलाइन मीटिंगमध्ये नेहमी फसतं ते दोन ठिकाणी. वेळ दुसऱ्या देशाची दिलेली असते आणि माणूस तास-दोन तास आधी किंवा नंतर पोचतो. आणि स्क्रीनवर तुमचं कामाच्या ठिकाणचं पूर्ण नाव झळकतं. आत जाण्याआधी ते बदलून पहिलं नाव ठेवा. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं. पण मीटिंग संपल्यावर लगेच ‘लीव्ह’ दाबू नका, बऱ्याच गटांत खोली गप्पांसाठी उघडी ठेवतात. नंबर तिथेही मिळतात.

घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे, आणि किशोरवयीन मुलांसाठी तिचाच भाग असलेली अलाटीन. पिणारा माणूस मीटिंगला जात असो वा नसो, घरचे जाऊ शकतात.

पुन्हा प्यायलात तर

पुष्कळांचं होतं. आत्महत्येचे विचार येत असतील तर मीटिंगची वेळ बघत बसू नका, तातडीची वैद्यकीय मदत किंवा हेल्पलाइन गाठा. अनेक दिवस सलग पिणं झालं असेल तर सुरुवातीला सांगितलेला धोका पुन्हा पहिल्यासारखाच उभा आहे, आधी डॉक्टर. एक-दोन वेळेचं असेल तर त्या दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशीची पहिली मीटिंग, शक्यतो तीच जिथे तुम्हाला ओळखतात. बदलून दुसरीकडे जायचा मोह होतो, कारण तिथे तुमचे दारूशिवायचे दिवस कुणी मोजलेले नसतात, पण तिथे तुमचा आवाज ओळखणारंही कुणी नसतं.

शिरताना वाटतं सगळे बघतायत. प्रत्यक्षात अर्ध्या खोलीला हा अनुभव आहे. लांबलचक खुलासा नको. ‘मी परवा प्यायलो. आज परत आलोय.’ एवढंच सांगा. आणि संचालकाने ‘पहिल्या चोवीस तासांत कुणी आहे का’ असं विचारून चिप पुढे केली तर उठून घ्या. जागेवर परत जाताना शेजारचा बहुधा कागदावर नंबर लिहीत असतो. तो बाहेर पडायच्या आत फोनमध्ये टाका आणि त्याच्या फोनची रिंग ऐकू येईपर्यंत थांबा.